शिंक्यातले पिल्लू

मी एक जुने शिंके आहे आणि मांजराची जात मला मुळीच आवडत नाही. मित्रांनो, हे आधीच सांगितलेले बरे. तुमच्यातल्या बहुतेकांनी मला पाहिलेले नसेल. तुम्हाला ठाऊक असते ती फक्त म्हण, शिंके तुटले आणि बोक्याचे फावले. माझी एवढीच ओळख उरावी याचा मला फार राग येतो. मी कधीही तुटलो नाही.

शिरूर कासारजवळच्या माळावरच्या एका गावात, मेंढरे राखणाऱ्या बंकटच्या घरी माझा जन्म झाला. त्याने अंबाडी ओढ्याच्या डोहात कुजत घातली, तिच्या सालीचे धागे, म्हणजे वाख, सोलले आणि मेंढरे चरत असताना बांधावर बसून मांडीवर दोर वळले. भांडे ठेवायला खाली विणलेली बैठक आणि वर एक लांब दोर. तो दोर आढ्यावरून घेऊन भिंतीतल्या खुंटीला बांधत. खुंटीवरची गाठ सोडली की मी खाली येई. बंकटची बायको छबुबाई तेव्हा नवी नवरी होती. मांजराने विरजण सांडले म्हणून तिला सासूची बोलणी खावी लागली होती. "घे, आता कोन्ची मांजर येती ते बघू," असे म्हणून बंकटने मला टांगले.

कोणती आली नाही ते विचारा! कणगीवरून उड्या मारणारी, भिंतीला नख्या लावून चढणारी, नुसतीच खाली बसून माझ्याकडे डोळे वटारणारी. सगळी आपटली. छबुबाई चुलीपुढून टाळी वाजवून म्हणायची, "मार उडी, मार! कंबर मोडून घे!" शेजारच्या बाया मला बघायला येत आणि बंकटला तसेच शिंके वळून मागत. माझ्यातल्या सायीला एकाही मांजराची जीभ लागली नाही.

पुढे बंकट गेला. मुलाचे लग्न झाले, सून आली, तिच्यामागून फ्रिज आला. माझ्यात लसणाच्या गड्ड्या पडल्या आणि माझ्यावर कोळ्यांनी जाळी धरली. लसणाला कोण मांजर तोंड लावते? माझा वैरीच उरला नाही, तेव्हा माझी किंमतही उरली नाही.

या उन्हाळ्यात एक लांडी मांजर कडब्याच्या गंजीत व्यायली. पिल्ले हलवण्यासाठी ती एकेक तोंडात धरून आमच्या अंगणातून नेत होती. शेवटचे नेताना तिन्हीसांजेच्या अंधुकात छबुबाईला नुसते मांजर दिसले, कोणते ते नाही. म्हातारीने फुंकणी फेकून मारली. मांजर पळाली, पिल्लू दारात पडले.

सून उज्ज्वला धावली. "आत्या, डोळे बी उघडले न्हाईत हो याचे."

"मग मी उघडू का? फेक तिकडं."

"कुत्रं खाईल."

"खाऊ दे. कुत्र्याला बी पोट हाय."

उज्ज्वलाने पिल्लू पदरात घेतले. गल्लीत एक दांडगा बोका होता, त्याने मागे अशीच पिल्ले मारली होती. म्हणून तिने काय करावे? लसूण ओतला, घोंगडीचा तुकडा अंथरला आणि पिल्लू माझ्यात ठेवले! मला पार आढ्यापर्यंत वर ओढून खुंटीला दुहेरी निरगाठ मारली. मित्रांनो, ज्या जातीशी उभा जन्म भांडलो ती माझ्या मांडीवर. मला शक्य असते तर मी तिथेच उलटलो असतो.

उज्ज्वला कापसाची वात शेळीच्या कोमट दुधात बुडवून त्याच्या तोंडाला लावू लागली. छबुबाई पाठ करून बसली होती, तरी तिला गप्प राहवेना.

"गारठलेल्याला दूध पाजतीस व्हय गं? नरड्यात अडकून मरंल. कोकराला बी आधी शेकत्यात, मग पाजत्यात."

"बरं आत्या."

"अन् पाजल्यावर ओल्या फडक्यानं खालून पूस. आई चाटती तवा त्याला शी-मूत होतंय, न्हाई तर पोट फुगंल. मेलं तर मरू दे म्हना, मला काय!"

तरी पिल्लू खंगत चालले. दूध ओठावरून ओघळू लागले. ओरडणे बारीक होत होत नुसते तोंड उघडण्यापुरते उरले. आणि लांडी? ती रोज घरात शिरून माझ्याखाली उभी राहायची, वर बघून घसा फोडायची, उडी मारून आपटायची. "दुधावर टपलीय रांड," म्हणून छबुबाई तिला हाकलायची. मी मात्र नेहमीसारखाच घट्ट होतो. बोका पोचू नये म्हणून टांगलेल्या शिंक्यापर्यंत आईही पोचत नाही, हे कुणाच्या ध्यानात येत नव्हते.

बाजारच्या दिवशी उज्ज्वला जीपने शिरूरला गेली. दुपारी लांडी पुन्हा आली. छबुबाईने काठी उचलली. मांजर फिस्कारली, पण हलली नाही. तिच्या आचळांतून दूध गळून जमिनीवर थेंब पडत होते. म्हातारीने ते पाहिले आणि काठी खाली ठेवली.

"तुझं हाय व्हय गं ते? मग सांगायचं न्हाई का, भवाने!"

ती खुंटीपाशी गेली. निरगाठ नखांना सुटेना, दातांना सुटेना, दात तरी किती उरले होते! शेवटी तिने विळा घेतला. बंकटने वळलेल्या दोरावरून एकदा हात फिरवला, तो घट्ट धरला आणि गाठीशेजारी कचकन कापला. मग दोन्ही हातांनी दोर धरून मला हळूहळू जमिनीवर उतरवले.

लांडी जवळ आली, पिल्लू हुंगले आणि मागे सरली. त्याला माणसाचा वास लागला होता. छबुबाई मेंढरांत म्हातारी झालेली बाई. मेंढी कोकरू घेईना, की कोकराच्या पाठीला मीठ चोळून ते मेंढीकडून चाटून घेतात, हे तिचे रोजचे काम. ती उठली, चुलीवरच्या दुधाची साय बोटांवर घेतली आणि पिल्लाच्या पाठीला चोपडली. मी जी साय राखण्यात जन्म घालवला, तीच!

लांडी चाटू लागली. आधी साय, मग पिल्लू. चाटता चाटता आडवी झाली. पिल्लाने चाचपडत आचळ धरले.

संध्याकाळी उज्ज्वलाने पिशव्या दारातच ठेवल्या. "आत्या, शिंकं कुनी काढलं?"

"तुटलं. जुनं झालतं."

"अन् बोक्याचं फावलं व्हय?" ती हसली.

"बोक्याचं कशापायी? आईचं फावलं. जा, च्या ठिव."

मित्रांनो, मांजरांशी माझे अजून वाकडेच आहे. पण एवढे ऐका. एकटे पिल्लू दिसले तर लगेच उचलून नेऊ नका. दूर उभे राहा, त्याच्या आईला यायला वाट द्या. आई आलीच नाही तर आधी ऊब द्या, मग दूध. आणि आमच्या गावात कुणी म्हणाले की छबुबाईचे शिंके तुटले, तर त्याला माझ्या दोराचे टोक दाखवा. तुटलेला दोर पिंजारलेला असतो. माझा सरळ कापलेला आहे.