मडक्यांआडच्या चकत्या

भट्टी रचायचा दिवस, आणि आमच्या घरात सकाळपासून तोंडाला तोंड. धाकटी जाऊ मातीची पाटी घेऊन निघाली, चार पावलांवर ठेवली आणि भिंतीला टेकून धापा टाकायला लागली.

"बसायलाच आणलीय का हिला?" आमचे हे चाकावरून ओरडले.

"आठवा महिना चाललाय तिचा," मी म्हटलं. "एवढी घाई असेल तर उठा आणि उचला."

उठतात कसले. आमच्या कुंभारघरात चाकावरचा माणूस उठत नाही, मातीचं सगळं बायकांकडे.

मी धाकटीजवळ गेले. ओठ पांढरे, नखं पांढरी. तिनं पदराच्या गाठीतून भाजक्या मातीची चकती काढली, अर्धी मोडून मला दिली. दोघी कुडुमकुडुम खात बसलो. सांगायला लाज वाटते, पण ती सवय मीच लावली तिला. नवी आली तेव्हा ओल्या मातीचा वास घेत उभी राहायची. मी म्हटलं, "ओली नको, पोट दुखेल. ही भाजलेली घे." मोठी शहाणी ना मी. सासूबाई असताना सांगायच्या, आपल्या मातीलाच गोडी आहे. माझा दीर तर बायकोसाठी माती वस्त्रगाळ करून बोटभर चकत्या थापायचा, दर भट्टीत मडक्यांआड ठेवायचा. जीव होता त्याचा तिच्यावर.

नर्सबाईनं लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. "मळमळतं ताई," म्हणत तिनं त्या कोनाड्यात ठेवल्या. मीही म्हटलं, राहू दे.

तासाभरात ती मातीच्या ढिगावर कोसळली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी खाली ओढून पाहिली, रक्त तपासलं. "हिमोग्लोबिन चार. अकरा तरी हवं. त्यात कळा सुरू झाल्यात. आता गोळ्यांनी भागायचं नाही, रक्तच चढवायला हवं. रक्तपेढीत एकच पिशवी आहे, बाकीचं तुम्ही बघा. ही खाते काय?"

"सगळं खाते," दीर म्हणाला. "आमची माती तर आवडीनं खाते."

"आवड नाही ती. अंगातलं लोह कमी झालं की माती खावीशी वाटते. आणि ती माती जेवणातलं लोहही अंगी लागू देत नाही."

दीर आपल्या हातांकडे बघत राहिला. मग गुपचूप जाऊन रक्त देऊन आला. ते तपासायला वेळ लागणार होता.

मी पुढं झाले. तिथल्या माणसानं माझ्या बोटाचा थेंब निळ्या पाण्यात सोडला. रक्त चांगलं असेल तर थेंब तळाला जातो म्हणे. माझा वरच तरंगत राहिला.

"तुमचंच रक्त कमी आहे बाई. तुम्हीही माती खाता का?"

मी यांच्याकडे बघितलं.

"रक्त दिल्यावर चाक कोण फिरवणार?" हे म्हणाले.

"दोन दिवस जपा, मग खुशाल फिरवा. दिलेलं भरून येतं," तो तपासणारा म्हणाला.

"चहा घेऊन येतो," म्हणून हे बाहेर पडले.

पहिली पिशवी चढली तसा धाकटीच्या ओठांना रंग आला. मला वाटलं, सुटलो. ती म्हणाली, "ताई, भट्टी पेटवली का? माझ्या चकत्या आहेत आत." मी तिच्यावर ओरडले. शेवटचं बोलणं ते, आणि मी ओरडले.

दुपारी मुलगी झाली. एखाद्या धडधाकट बाईनं सोसलं असतं एवढंच रक्त गेलं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हिच्यात सांडायला होतंच काय. दिराची पिशवी तपासून आली तेव्हा तिच्या अंगावर चादर ओढलेली होती. आमचे हे बाही वर सारून आले ते दिवे लागताना.

मुलगी जगली. दीर तिला घेतो, पण चाकावर बसत नाही.

कोनाड्यातल्या त्या गोळ्या मी नर्सबाईला दाखवल्या आणि घ्यायला लागले. त्या संपल्यावर तिनं आणखी दिल्या. मळमळतं, पण घेते. तीन महिने झाले. परवा माती तुडवताना ओला वास नाकात शिरला, आणि लक्षात आलं की ती खावीशी वाटत नाही. गोळ्या घ्यायच्या, एवढंच करायचं होतं. मी तिथंच चिखलात बसून रडले.