कणगीवाला मूर्ख

शिल्पाबाईंच्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं ओवा चावून जाणारं नव्हतं.

गेली बारा वर्षं दर रविवारी त्या पेणहून एसटी पकडायच्या, खांबच्या फाट्यावर उतरायच्या आणि तिथून आत नदीकाठच्या कातकरवाडीवर जाऊन तरुण पोरापोरींचा बायबलचा वर्ग घ्यायच्या. ऊन म्हटलं नाही, पाऊस म्हटला नाही. वर्गाची खोली म्हणजे चार भिंती, वर पत्रा आणि खाली शेणाने सारवलेली जमीन. पण त्या खोलीत त्या शिरल्या की सगळे उठून उभे राहत आणि ‘जय ख्रिस्त, बाई’ म्हणत. आठवडाभर पेणला शिवणाच्या मशीनवर बसून, ब्लाउज इथे घट्ट झाला नि तिथे सैल झाला असली बोलणी खाणाऱ्या बाईला ते सुख थोडं नव्हतं.

आता त्या सुखात वाटेकरी आला होता. वाटेकरीण म्हणू.

राणी त्याच वाडीतली, पुतळीची मुलगी. तिला अक्षर शिकवलं शिल्पाबाईंनी. पुतळी तिला वीटभट्टीवर घेऊन निघाली तेव्हा दारात आडव्या झाल्या त्या शिल्पाबाई. दोन वर्षांच्या बायबलशाळेत पाठवायचं ठरलं तेव्हा पास्टरांच्या मागे लागून तिचं नाव घालणाऱ्याही त्याच. आणि पोर परत आली ती एकदम राणीताई होऊन! आल्या आल्या तिने बुधवारी संध्याकाळी तरुणांना जमवायला सुरुवात केली. रविवारी बाईंच्या समोर भिंतीला टेकून पेंगणारी मुलं बुधवारी तोंड धुऊन, केस विंचरून जाऊ लागली. जितेश नावाच्या मुलाने बाईंच्या वर्गात कधी तोंड उघडलं नव्हतं. तो म्हणे तिथे ढोलकी वाजवून गातो.

ही सगळी माहिती बाईंनी काढून घेतली होती. “काय रे, बुधवारी बरीच जमता म्हणे?” असं त्या अगदी सहज विचारायच्या, जणू आज बाजारात मासळी काय आली म्हणून विचारावं. उत्तर मिळालं की रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.

“झाड तू लावलंस,” त्यांचा नवरा प्रदीप म्हणाला. कंपनीतली शिफ्ट संपवून आलेला, चहा पीत बसलेला. “फळ धरलं तर बोंब कशाला? का देवाच्या घरातपण प्रमोशन पाहिजे?”

“मी कुठे बोंबलतेय?” असं म्हणून बाईंनी मशीन इतक्या जोरात दामटलं की दोरा तुटला.

प्रार्थना मात्र त्या नेमाने करत. ‘प्रभू, राणीला आशीर्वाद दे, पण...’ पणच्या पुढे त्या काही बोलत नसत. देवाला पुढचं कळत असणार.

त्यात मेळावा आला. दिवाळी झाली की वाड्या रिकाम्या होतात. माणसं भट्ट्यांवर निघून जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. म्हणून तरुणांचा मेळावा रोह्याला दिवाळीच्या आधीच भरायचा. गडबपासून कोलाडपर्यंतची मुलं यायची. तिथला मुख्य धडा पहिल्या वर्षापासून शिल्पाबाईंचा. त्यासाठी त्या नवी साडी काढत, आणि एवढ्या मुलांसमोर उभं राहिल्याची पुंजी त्यांना वर्षभर पुरत असे.

यंदा विषय होता, शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, मूर्ख कोण आणि देवासाठी जागा कशी करायची. पास्टर काळुराम स्वतः जवानीत भट्टीवर राबलेला माणूस. सरळ स्वभावाचा. सरळ माणसं कधीकधी फार दुखवतात. भर सभेत तो म्हणाला, “यंदा राणी बोलंल. बाई तिची तयारी करून घेतील. पोरांना आपल्यातलं कोन तरी बोलताना दिसू दे.”

“छान, छान,” बाई म्हणाल्या आणि हसल्यासुद्धा.

आपल्यातलं! तो शब्द माशाच्या काट्यासारखा घशात अडकला. बारा वर्षं यांच्या चुलीपाशी बसून कोरा चहा प्यायले, यांची पोरं तापाने फणफणली तेव्हा मांडीवर घेऊन दवाखान्यात नेली, आणि मी आपल्यातली नाही? राणी तेवढी आपल्यातली? एसटीत खिडकीशी बसून त्यांनी हे पेण येईपर्यंत घोळवलं. वर्ग माझा, मुलं माझी, धडा माझा, आणि मिरवणार दुसरी.

दोन दिवसांनी राणी पेणला घरी आली. गल्लीत रंग न दिलेल्या गणपतीच्या मूर्ती वाळत ठेवल्या होत्या. त्यांच्यामधून वाट काढत आली आणि उंबऱ्यातच म्हणाली, “बाई, मला लय भीती वाटते. शास्त्रात मूर्ख तरी किती हायत! वाळूवर घर बांधणारा हाय, दिव्याला तेल न घेता वरातीला गेलेल्या पोरी हायत, तो कणगीवाला हाय. मी कोनता घेऊ? जरा सोपा सांगा.”

बाईंनी मशीन थांबवलं. वाळूवरचं घर सांगितलं असतं तर राणीने सभा जिंकली असती. नदीकाठची मुलं, पुरात गेलेलं खोपट प्रत्येकाने पाहिलेलं. तेल विसरलेल्या पोरींची गोष्ट निघाली की सगळ्या मुली खिदळतात, मग त्यांना काहीही शिकवा. राहिला कणगीवाला.

तो श्रीमंत शेतकरी. भात उदंड पिकलं, तेव्हा त्याने जुन्या लहान कणग्या मोडल्या, मोठ्या बांधल्या, भात भरलं आणि आपल्या जिवाला म्हणाला, आता खा, पी, वर्षानुवर्षांची ददात मिटली. त्याच रात्री देव म्हणाला, मूर्खा, आज तुझा प्राण जाणार, मग हे कोणाचं? पेणच्या मंडळीत ही गोष्ट सांगितली की माणसं माना हलवतात. वाडीवर मात्र गोष्ट भरलेल्या कणगीपाशीच थांबायची. वर्षाचं भात घरात! मुलांचे डोळे तिथेच चिकटत, पुढचं मरण कोणी ऐकतच नसे. एकदा तर म्हाताऱ्या ठमाबाईने मागून विचारलं होतं, “मेला तं मेला, पन खाऊन मेला ना गो?” सगळी खोली हसली. त्यानंतरही दोनतीनदा त्यांनी तो धडा घेऊन पाहिला, दर वेळी तोंडघशी पडल्या, आणि शेवटी त्याचा चित्रांचा तक्ता पेटीच्या तळाशी गेला.

तोच तक्ता आज त्यांनी काढला. धूळ पुसली.

“कणगीवाला घे,” त्या म्हणाल्या. “सगळ्यात सोपा आहे.”

राणीने तक्ता छातीशी धरला आणि वाकून नमस्कार केला. त्या रात्री बाईंना कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

रोह्याला भाड्याने घेतलेला हॉल मुलांनी भरून गेला होता. बाई पहिल्या रांगेत बसल्या. साडी नवीच नेसल्या होत्या. राणीने तक्ता खिळ्याला अडकवला, गोष्ट सांगितली. बरी सांगितली, पण घाईघाईने. मग तिने विचारलं, “तर सांगा, हा मानूस मूर्ख का?”

जितेश उठला. “मूर्ख कसा? शहाणा हाय तो. आमच्या भट्टीचा शेठ बोलतो, कातकरी मूर्ख, आज खातो, उद्याला ठेवत नाय. ह्यानं ठेवलान तर ह्यो पन मूर्ख? मंग शहाणा कोन, शेठ?”

हॉल खदखदून हसला. मागून कोणीतरी शिट्टी मारली. पास्टर काळुरामच्या कपाळाला आठी पडली.

शिल्पाबाईंना आनंद झाला. खोटं कशाला सांगा? चांगला उकळी फुटलेला आनंद झाला. बघ म्हणावं, आता बघ कसं असतं ते. त्यांनी पदर सारखा केला आणि ही आता रडते कधी याची वाट पाहत बसल्या.

राणी रडली नाही. ओढणीने मानेवरचा घाम पुसून ती स्टेजच्या कडेला पाय सोडून खाली बसली.

“जितेश, मी पन हेच बोलायची. बाई हा धडा शिकवायच्या तेव्हा मी मागं बसून मनात म्हनायची, देवा, मला असा मूर्ख कर.” मुलं पुन्हा हसली, पण आता तिच्याबरोबर. “शेवटी मी इचार केला, हा बोलतो कोनाशी? बायकोशी बोलतो का? नाय. एवढा भात कापला कोनी, झोडला कोनी, त्यांचं नाव घेतो का? नाय. देवाशी तं नायच नाय. तो आपल्याच जिवाशी बोलतो. माझा भात, माझी कणगी, माझ्या जिवा तू खा. एवढ्या मोठ्या घरात त्याला बोलायला दुसरं मानूस नाय! जितेश, तुझा बाप नदीतून टोपलीभर चिंबोऱ्या घेऊन आला, तं काय होतं?”

“शेजारची वाटी येते.”

“एकच?”

“सगळी वाडी येते!” मागून दोघंतिघं ओरडले.

“शेठ ज्याला मूर्ख बोलतो तो येगळा, देव बोलतो तो येगळा. साठवलान म्हनून देवानं त्याला मूर्ख नाय म्हटलं. त्यानं कणगी मोठी केली, पन भाताबिगर कोनाला जागा नाय ठेवली. देव त्याच्याकडं आला असता तं बसला कुठं असता? आन आपल्याकडं भात नाय म्हनून आपन शहाणे, असं पन नको समजू. राग भरला, दुसऱ्याचं बघून मनात जळनं भरलं, तरी जागा जाते.”

शिल्पाबाईंनी खाली पाहिलं. एसटीच्या खिडकीशी बसून त्या बोलल्या होत्या ते सगळं आता कोणीतरी मोठ्याने वाचतंय असं त्यांना वाटलं.

“हा धडा मला शिल्पाबाईंनी दिला,” राणी उठून म्हणाली. “मी सोपा मागितला होता. त्यांनी मुद्दाम अवघड दिला. आमची वाडी हितंच अडते हे त्यांना म्हाईत. दुसऱ्या कोनी सोताला ठेवला असता.”

टाळ्या वाजल्या. पास्टर काळुराम उठला, त्याचे डोळे भरून आले होते. “बाईंचं मन बघा केवढं मोठं! मी त्या दिशी ‘आपल्यातलं’ बोललो ते चुकलो. बाई आपल्यातल्याच. पुढच्या वर्षापासून मेळाव्याचं सगळं शिकवनं बाईंच्या हातात. राणी त्यांच्या हाताखाली शिकंल.”

पुन्हा टाळ्या. बाई उभ्या राहिल्या, हात जोडले, बसल्या. जे पाहिजे होतं ते सगळं पदरात पडलं होतं, वर व्याजही मिळालं होतं. गप्प बसायचं एवढंच काम उरलं होतं आणि ते करणं अगदी सोपं होतं. पण बाजूच्या बाईने त्यांचा हात धरून “धन्य तुम्ही” म्हटलं, तेव्हा त्यांना तो हात सोडवून घ्यावासा वाटला.

जेवणाआधी राणी मागच्या पिंपाजवळ हात धूत होती. बाई तिथे गेल्या.

“राणी, तो धडा मी चांगल्या मनाने दिला नव्हता.”

राणी हसली. “म्हंजे?”

“तू तिथे अडशील हे मला माहीत होतं. अडावीस म्हणून दिला. सगळ्यांसमोर.”

पाणी तिच्या हातांवरून वाहत राहिलं. हसू गेलं, पण जायला वेळ लागला. बाईंना वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ द्या बाई, मला ठाऊक होतं. तिला ठाऊक नव्हतं.

“मी आईला बोलली,” राणी हळू म्हणाली, “बाईंनी मला त्यांच्या बरोबरीची समजली. आई रडली ते ऐकून.”

“मी पास्टरना सांगते. आजच सांगते.”

“तुमचं तुमी बघा,” राणी म्हणाली. तिने पिंपाची तोटी बंद केली आणि हात न पुसताच निघून गेली.

पंगत बसली होती. पास्टरांच्या शेजारी बाईंसाठी दरवर्षीप्रमाणे खुर्ची मांडलेली होती. “बाई, हिकडं या!” काळुरामने हाक मारली. बाईंनी मानेने नको म्हटलं. पत्रावळ हातात घेऊन त्या मुलांच्या रांगांकडे गेल्या. राणीच्या रांगेत सगळ्यात गर्दी होती, मुलं तिला खेटून बसली होती. ते पाहून आताही बाईंच्या पोटात कळ आलीच. एवढं सगळं होऊनही आली. त्या तिथेच उभ्या राहिल्या. वाढणारे त्यांना वळसा घालून पुढे जात होते, आणि बाई इथे कशाला उभ्या हे कोणालाच कळत नव्हतं.

राणी खाली भाताकडे पाहत होती. बराच वेळ तिने घासही उचलला नाही. मग तिने जितेशला कोपराने ढोसलं.

“सर रं तिकडं.”

“कुठं सरू? जागा कुठं हाय?”

“सर म्हटलं ना!”

जितेश कुरकुरत सरकला. त्याच्या पलीकडचा सरकला, त्याच्याही पलीकडचा, कोणाची तरी डाळ सांडली, कोणीतरी ओरडलं. वीतभर जागा झाली. राणीने अजूनही वर पाहिलं नव्हतं. शिल्पाबाई अंग चोरून त्या जागेत बसल्या, आणि राणीने मिठाची वाटी त्यांच्याकडे सरकवली.