कात्र्यांच्या यादीतले एक शीर्षक

मित्रांनो, मी एक जुने शीर्षक आहे. पुस्तकाचे नाही, सिनेमाचेही नाही. मी एका यादीतली एक ओळ आहे, आणि सध्या माझ्याकडे वेळच वेळ आहे.

तुम्ही आता शोधाच्या चौकटीत दोन शब्द टाकता आणि हवे ते समोर येते. माझ्या लहानपणी तसे नव्हते. तेव्हा माणसे संकेतस्थळांची सूची हाताने करत. आधी विषय, मग उपविषय, त्याखाली एकाखाली एक शीर्षके. शीर्षकावर टिचकी मारली की ते संकेतस्थळ उघडे. दारावरची पाटी असते ना, तसे आम्ही.

माझे गौरवशाली व अविस्मरणीय बालपण

(छे. पुन्हा लिहिते.)

माझे बालपण

माझा जन्म एका कात्रीवाल्याच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे लांबट खोली, एक भट्टी, धार लावायचे चाक आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कात्र्या. कात्रीवाला स्वतः डावखुरा होता आणि फक्त डावखुऱ्यांसाठीच कात्र्या घडवायचा. त्यांची पाती उलटी बसवलेली असतात. साध्या कात्रीत जे पाते वर, ते यांच्यात खाली.

त्याच्या पुतणीने त्याच्यासाठी संकेतस्थळ केले. दोन पाने, एक फोटो. मग सूचीचा अर्ज भरताना तिने 'शीर्षक' या रकान्यात मला लिहिले.

अअअ एक नंबर कात्र्या, डावखुऱ्यांसाठी, हातघडणीच्या, जगात भारी!!!

काकाने चष्मा कपाळावर चढवून वाचले.

"हे अअअ काय? डॉक्टरला घसा दाखवतेयस का?"

यादी अक्षरांच्या क्रमाने लागते, अ असला की पहिला नंबर, असे पुतणीने समजावले.

"म्हणजे रांगेत घुसायचं."

"सगळेच घुसतात, काका."

मला मिशा असत्या तर मी पीळ दिला असता. अशा थाटात मी निघाले.

सूचीचे कार्यालय त्याच गावात, एका औषधांच्या दुकानावर होते. दोन खोल्या, चार संगणक आणि खिडकीत एक वाळत चाललेली कुंडी. तिथल्या मुख्य संपादकांना सगळे 'बाई' म्हणत. बाई प्रत्येक संकेतस्थळ शेवटच्या पानापर्यंत वाचत, शीर्षक नीट करत आणि मग मोठ्याने म्हणत. मागच्या टेबलाशी त्यांच्याकडे पाठ करून 'भाऊ' बसत. दुवे चालू आहेत की मेले, हे तपासणे भाऊंचे काम. पण शीर्षक ऐकून दाराआड काय असेल ते सांगायचे, हेही त्यांच्याच गळ्यात होते. त्यांनी बरोबर ओळखले तर शीर्षक पास. 'स्वप्नपूर्ती' ऐकून भाऊंनी एकदा लग्न जुळवणारे सांगितले होते. ते नळदुरुस्तीवाले निघाले.

बाईंनी माझे अअअ काढले. तिन्ही उद्गारचिन्हे एकेक करून काढली. 'एक नंबर' गेला, 'जगात भारी' गेले. कोण किती भारी ते गिऱ्हाईक ठरवेल, असे त्या पुटपुटल्या. दुखले, खोटे कशाला सांगू? पण अंगावरचे उसने दागिने उतरवल्यावर वाटते तसे हलकेही वाटले.

मग त्या 'डावखुऱ्यांसाठी'पाशी थांबल्या.

बाईंचा एक नियम होता. शीर्षकात 'काय' लिहायचे. 'कोणासाठी' हे खाली वर्णनात. नियम उगाच नव्हता. 'सर्वांसाठी', 'खास तुमच्यासाठी', 'आबालवृद्धांसाठी' वाचून वाचून त्या विटल्या होत्या. तो शब्द त्यांनी उचलला आणि खाली बारीक अक्षरांत नेऊन ठेवला.

हातघडणीच्या कात्र्या

"हातानं बनवलेल्या कात्र्या," भाऊ पाठमोरेच म्हणाले.

"पास," बाई म्हणाल्या.

मी नीटनेटके, सुटसुटीत, कौतुकाचे शीर्षक झाले. आणि मित्रांनो, मी खोटे झाले नव्हते. अपुरे झाले होते. त्याने किती नुकसान होते, ते मला पुढे कळले.

माझ्यावर टिचक्या पडू लागल्या. कारखान्यात मागण्या येऊ लागल्या. पुतणी तोवर शिकायला परगावी गेली होती, त्यामुळे काका एकटाच पुड्या बांधायचा. पंधरा दिवसांत कात्र्या परत यायला लागल्या. सोबत चिठ्ठ्या. धार नाही. कापड दुमडते. एकीने लिहिले होते, ही कात्री कापत नाही, नुसती चावते.

काका परत आलेली प्रत्येक कात्री डाव्या हातात घ्यायचा आणि पातळ मलमलीवर चालवायचा. कापड पाण्यासारखे दुभंगायचे. तो पुन्हा चिठ्ठी वाचायचा. मग पुन्हा चाकावर धार लावायचा आणि कात्री परत पाठवायचा. ती पुन्हा यायची. गिऱ्हाईक डावखुरेच असणार, याबद्दल त्याच्या मनात शंकाच नव्हती. म्हणून शंका उरली ती स्वतःच्या हातावर. चाळीस वर्षे या हाताने धार ओळखली होती, आता त्याला धार आहे की नाही हेही कळेनासे झाले, असे तो शेजाऱ्याला म्हणाला. भट्टी त्याने दिवसाआड पेटवायला सुरुवात केली. मग आठवड्यातून एकदा.

मला तोंड असते तर मी ओरडले असते.

पुतणी सुट्टीत आली तेव्हा काकाने तिला शांतपणे सांगितले, "ते पान काढून टाक. महिनाअखेर कुलूप लावतो."

तिने चिठ्ठ्या वाचल्या आणि शिवणकाम करणाऱ्या एका गिऱ्हाइकाला फोन लावला. कापड कोणत्या हातानं कापलंत, असे विचारले.

"उजव्या. का, हाताची पण अट आहे?"

"अहो, पानावर लिहिलंय की."

"वाचतंय कोण? यादीत कात्र्या दिसल्या, घेतल्या."

पुतणीने यादी उघडली. तिथे मी होते. तिने मला दोनदा वाचले, माझ्यात 'डावखुऱ्यांसाठी' नव्हतेच. मग एक कात्री पिशवीत टाकून औषधांच्या दुकानाचा जिना चढली.

तिने वाद घातला नाही. बाईंसमोर कात्री आणि एक कोरा कागद ठेवला. बाईंनी उजव्या हाताने कापायला घेतले. कागद पात्यांमध्ये दुमडला. भाऊ पहिल्यांदाच खुर्ची वळवून बसले, कात्री डाव्या हातात घेतली आणि कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ कापत नेला. मग दुसरा कागद घेतला. मग तिसरा.

"शाळेत माझी चित्रं वाकडी कापली जायची," ते म्हणाले. "मार खायचो."

ज्याच्या उत्तरांवर बाईंनी हजारो शीर्षके पास केली, तो माणूस डावखुरा आहे हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. आणि स्वतः डावखुऱ्या भाऊंनाही 'कोणत्या कात्र्या' असे विचारणे सुचले नव्हते. आयुष्यभर त्यांच्यासाठी कात्री एकाच प्रकारची होती.

बाई खुर्चीत मागे टेकल्या.

"हे 'कोणासाठी' नाहीच," त्या म्हणाल्या. "हे 'काय' आहे. चूक माझी."

त्यांनी मला पुन्हा लिहिले.

डावखुऱ्यांसाठी हातघडणीच्या कात्र्या

तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. त्या नियमाने कापलेली जुनी शीर्षके त्यांनी एकेक करून उघडली. अंधांसाठीची घड्याळे नुसती घड्याळे झाली होती. उभे राहता न येणाऱ्यांसाठीचे व्यायाम नुसते व्यायाम झाले होते. अशी त्रेचाळीस सापडली. आठवडाभर दुसरे काम झाले नाही.

पुतणीने चिठ्ठ्यांचा उलगडा काकाला करून सांगितला. तो उठला आणि भट्टी पेटवली. ऐन महिनाअखेरीला.

त्यानंतरची वर्षे माझ्या सुखाची. टिचक्या कमी पडत, पण कात्री परत येत नसे. येत ती पत्रे. एका शिक्षिकेने लिहिले होते, मला वाटायचे मीच धांदरट. ते पत्र काकाने भिंतीवर टांगले, कात्रीच्याच खिळ्याला.

पुढे शोधाच्या चौकटी आल्या आणि सूची कोणी उघडेना. बाई निवृत्त झाल्या. भाऊंनी शेवटचा दुवा तपासला आणि दिवे बंद केले. काका गेला. त्याचे संकेतस्थळही आता नाही. जुन्या पानांच्या एका साठ्यात मी तेवढे उरले आहे. माझ्यावर टिचकी मारली तर कोरे पान उघडते.

परवा एक मुलगी चुकून इथे आली. तिने टिचकी मारली. काही उघडले नाही. तिने मला पुन्हा वाचले, सावकाश. मग आपल्या डाव्या हाताकडे पाहून तिने आईला हाक मारली.

"आई, अशा कात्र्या असतात?"

मित्रांनो, तुम्हीही वहीवर, डब्यावर, चित्राखाली, कुठे ना कुठे शीर्षक लिहालच. शोभेचे शब्द खुशाल काढा. पण काढण्याआधी बघा, त्यातला एखादा शब्द कुणाची तरी वाट पाहत असेल. तो राहू द्या.