चाळीस लिटरच्या बैठका

थंडी नुकती पडायला लागली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी सात वाजता चाळिसाव्या पायरीवर बगळ्याचा डावा गुडघा त्याला न विचारता वाकला, आणि सात म्हशींचं दूध त्याच्याआधी रस्त्यावर पोचलं. मागून कॅन पोचला. त्याच्यामागून बगळा. गावातल्या कुत्र्यांना कोणी विचारलं असतं, तर त्यांनी त्या दिवशी दूध सोसायटीचं सभासदत्व घेतलं असतं.

सोसायटी टेकाडावर, रस्ता खाली, मधे बावन्न पायऱ्या. त्याही कोणी एकानं बसवलेल्या नव्हत्या. ज्याला जसा दगड सापडला तसा त्यानं दाबला आणि पुढं गेला. पावसाळ्यात शेवाळ, थंडीत दव, उन्हाळ्यात सुटी माती. घसरायची सोय बारमाही होती. टँकर वर येत नसे. चाळीस लिटरचा भरलेला कॅन खांद्यावर टाकून खाली न्यायचा आणि रिकामा वर आणायचा, हे बगळ्याचं अठरा वर्षांचं काम. गळ्यापासून कमरेपर्यंत तो चांगला भरलेला गडी. त्याच्या खाली मात्र बनवणाऱ्याचं सामान संपलं असावं. बगळा हे नाव कोणी ठेवलं ते कोणाला आठवत नव्हतं, पण का ठेवलं हे विचारायची पाळीही कोणावर येत नसे.

सोसायटीच्या चेअरमननं पंचनामा जागेवरच केला.

"बगळ्या, चाळीस लिटर!"

"गुडघा वाकला, चेअरमनसाहेब."

"गुडघा वाकायलाच असतो. परत सरळ का नाही झाला?"

चेअरमननं कमरेवर हात ठेवून निकाल दिला. "थंडी संपेपर्यंत तू कॅन धू. दूध माझ्या मेहुण्याचा मुलगा खाली नेईल. थंडी सरली की भरला कॅन बावन्न पायऱ्या न टेकवता उतरवून दाखव. जमलं तर काम तुझं, नाहीतर त्याचं."

मेहुण्याचा मुलगा शहरातून दंड कमावून आला होता. त्याच्या सदऱ्याच्या बाह्या दंडांना घाबरून वर सरकलेल्या असत. दंडांखाली काय आहे ते कोणी बघत नव्हतं, कारण तो कायम ढगळ विजार घालायचा.

घरी बायकोनं बगळ्याच्या गुडघ्याला हळद लावली आणि जिभेला मोकळं सोडलं.

"अठरा वर्षं दूध वाहिलंत, आणि मांडीला थेंब लागला नाही? पाय आहेत की छत्रीच्या काड्या?"

"लग्नात दिसले नव्हते?"

"लग्नात तुम्ही बसलेले होतात!"

पण रात्रभर तिला झोप लागली नाही. शेत नव्हतं, म्हैस एकच, आणि नवऱ्याला कॅन उचलण्याखेरीज काही येत नव्हतं. सकाळी गुरांचा डॉक्टर म्हशीला बघायला आला, तेव्हा तिनं त्याच्यापुढं नवऱ्यालाच उभं केलं.

"डॉक्टर, म्हैस तशी बरी आहे. यांना बघा."

डॉक्टरनं कुरकुर केली नाही. म्हशीची दाबतात तशी बगळ्याची मांडी दाबली, थोपटली, मागं सरकून लांबून पाहिली.

"चढताना छाती लागते, उतरताना मांडी लागते. छाती आहे, मांडी नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"औषध?"

"बैठका."

"रोज शंभर मारतो!"

"शंभर मारून काडीची जाड काडी होत नाही, दमलेली काडी होते. वजन घेऊन मार. रिकामा कॅन आठ किलोचा आहे. त्यात दहा लिटर पाणी घाल, छातीशी कवटाळ, पाच बैठका मार. मग दम घे. असं चार वेळा. एक दिवस आड करायचं आणि दर खेपेला एक लिटर पाणी वाढवायचं."

"एकदम चाळीस घातलं तर?"

"तर मला दोरखंड घेऊन यावं लागेल. बसलेली म्हैस आम्ही तसंच उठवतो."

"आणि खाली किती जायचं?"

"सकाळी डबा घेऊन जातोस तेव्हा जातोस तेवढं. टाचा जमिनीला, गुडघे बाहेर, पाठ ताठ. काम तेच, हेतू वेगळा."

मग खुराक. "म्हशीला पेंड घालतोस आणि स्वतः चहावर जगतोस. दूध पी, अंडी खा, डाळ खा. आणि झोप. मांडी बैठकीत वाढत नाही, झोपेत वाढते."

"तसं असतं," बायको म्हणाली, "तर यांची एव्हाना घोड्यासारखी झाली असती."

डॉक्टरनं फितीनं माप घेतलं. दुसरा कागद नव्हता, म्हणून गुरांच्या कार्डावरच लिहिलं: जात गावठी. दूध नाही. डावी मांडी अठरा इंच.

सोसायटीच्या मागं कॅन धुवायची खोली होती. तिथं पहाटे पाचला बगळ्यानं सुरुवात केली. फरशी अशी गार की टाचा टेकवायला सांगणाऱ्या डॉक्टरच्या सात पिढ्यांची आठवण यावी. पहिल्या दिवशी वीस बैठका लीलया झाल्या, म्हणून तो हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन गेला, बसला, आणि उठायची वेळ आली तेव्हा पाय म्हणाले, आम्ही इथंच बरे आहोत.

"अगं ए! हात दे!"

"आधी धुतलात का?" बाहेरून प्रश्न आला.

पी हळद आणि हो गोरी असं काही झालं नाही. सतरा लिटरला पाठ वाकायला लागली, डॉक्टरनं ओरडून परत पंधरावर आणलं. बावीस लिटरला गुडघे एकमेकांना भेटायला धावले, त्यांना बाहेर ठेवायला आठवडा गेला. बायको येऊन दारात उभी राहायची आणि मोजायची. नवरा कॅनला मिठी मारून डोळे मिटून खाली-वर होताना बघून एकदा म्हणाली, "वीस वर्षांत मला एवढं घट्ट धरलं नाहीत." बगळा हसला आणि कॅनमधलं पाणी दोघांच्या अंगावर आलं. पण लिटरामागून लिटर चढत होता. महिन्यानं फीत वीस इंच म्हणाली, त्यानंतर साडेवीस.

इकडं दुधाची वेगळीच तऱ्हा होती. मेहुण्याचा मुलगा कॅन असा उचलायचा की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. मग पायऱ्या लागायच्या. दुसऱ्याच दिवसापासून त्यानं कॅन अर्धे भरायला लावले. खेपा दुप्पट झाल्या, टँकरवाला भोंगा वाजवून वाजवून निघून जायला लागला, आणि गावात विरजणाचा सुकाळ झाला.

थंडी उतरणीला लागली तेव्हा बगळा एकोणचाळीस लिटरवर होता. त्याच दिवशी दोन बायका लवकर आल्या, दार ढकललं, आणि समोर बगळ्याची पाठमोरी बैठक अगदी तळाला गेलेली बघून किंचाळत परत गेल्या. बगळ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता शेवटचा लिटर राहिला होता, त्यात व्यत्यय नको, म्हणून त्यानं सोसायटीच्या फळ्यावर खडूनं स्वच्छ अक्षरात लिहिलं:

परवा पहाटे पाच वाजता मागच्या खोलीत बैठका आहेत. कोणीही येऊ नये.

सोसायटीची सभा चार वर्षं झाली नव्हती. म्हणजे कागदावर दरवर्षी होत होती, चहापाण्यासकट. गाव सभा मागून मागून थकलं होतं. त्या गावानं हा फळा वाचला. बैठक नव्हे, बैठका! पहाटे पाचला, मागच्या खोलीत, आणि वर कोणीही येऊ नये!

"बघा," दोन म्हशींची मालकीण असलेली काकी चौकात म्हणाली, "चेअरमनची माणसं चोरून बैठका घेतात, आणि आपल्यालाच फळ्यावर सांगतात. निर्लज्जपणाला अक्षर तरी किती वळणदार!"

चेअरमननंही फळा वाचला. सभासदांनी आपल्याला खाली खेचायचा घाट घातलाय हे त्यानं लगेच ओळखलं. बरोबर आपलं कोणी असावं म्हणून भाच्याला, म्हणजे मेहुण्याच्या त्या मुलालाही त्यानं पहाटे उठवलं.

परवाच्या दिवशी पाच वाजून दहा मिनिटांनी बगळा चाळीस लिटर छातीशी धरून तिसऱ्या बैठकीच्या तळाशी होता. दार धाडकन उघडलं. पुढं काकी, मागं धुक्यात कंदील, बॅटऱ्या, कानटोप्या, सगळं गाव. दुसऱ्या दारानं धापा टाकत चेअरमन आणि भाचा.

"कोणी बोलावली बैठक?" चेअरमन ओरडला.

बगळ्याला बोलता येत नव्हतं. बोललं की दम जातो, दम गेला की कॅन जातो. बायको कोपऱ्यातून म्हणाली, "थांबा हो, तिसरी व्हायचीये."

आणि काय असेल ते असो, सगळं गाव थांबलं. बगळ्याच्या मांड्या थरथरल्या, मान लाल झाली, टाचा फरशीत रुतल्यासारख्या राहिल्या, आणि तो हळूहळू, एकेक वीत, वर आला.

"मी... बैठका मारतोय," त्यानं श्वास सोडला. "फळ्यावर लिहिलं होतं."

असा हशा पिकला की कॅनांची झाकणं वाजली. चेअरमनच्या तोंडावर रंग परत आला. "चला, चला, घरी चला."

"अरे घरी कसली?" काकी एक कॅन उलटा करून त्यावर बसली. "उठलोच आहोत तर बसू. चार वर्षांनी तोंड दिसलंय तुझं. लहानपणी तुझं नाक मी पुसलंय, आता दूध का नासतं तेवढं सांग."

दूध का नासतं यावर भाचा भिंतीकडं बघायला लागला. कोणीतरी म्हणालं, भरला कॅन आत्ताच उतरवून दाखवा, दोघांनी. चेअरमननं दंडांकडं पाहिलं आणि हो म्हणाला.

भाच्यानं कॅन एका झटक्यात खांद्यावर घेतला. अकराव्या पायरीवर विजार थरथरायला लागली. एकोणिसाव्या पायरीवर त्यानं कॅन टेकवला आणि बुटाची नाडी बांधायला वाकला. बुटाला नाडी नव्हती.

बगळा निघाला तेव्हा पायऱ्यांवर दव होतं. तो बोलत नव्हता, खालीही बघत नव्हता. चाळिसाव्या पायरीवर डाव्या गुडघ्यानं जरा विचार केला. मग मांडीनं गुडघ्याला दटावलं असावं. बावन्नाव्या पायरीवरून त्यानं कॅन रस्त्यावर ठेवला तो असा, की थेंबभरही सांडलं नाही. कुत्री निराश होऊन परत गेली.

काम त्याचं झालं. टाळ्या झाल्या. आणि त्या टाळ्यांतच काकीला सुचलं.

"पण मी म्हणते, माणसानं कॅन उतरवायचाच कशाला? टँकर वर येईल असा रस्ता करा ना!"

सगळ्यांनी हात वर केले. चेअरमनला जीव वाचवायचा होता, त्यानं दोन्ही केले. आनंदाच्या भरात बगळ्यानंही केला, आणि मग त्याला कळलं की आपण कशावर हात वर केलाय.

घरी येऊन तो उंबऱ्यावर बसला. "टँकर वर आला तर मी काय करू? या मांड्या घेऊन कुठं जाऊ?"

बायको भाकरी थापायची थांबली नाही. "अहो, ठराव झालाय. रस्ता झालेला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे अंडी खा."

चार महिन्यांनी रस्त्याचे साहेब आले. गाडी टेकाडाखालीच राहिली, कारण वर यायला रस्ता नव्हता. गाडीत रस्त्याच्या कामाची कोनशिला होती, चेअरमनच्या नावाची, साठ किलोची. ती वर कोण नेणार असा प्रश्न पडला आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. बगळ्यानं गुडघे बाहेर काढले, पाठ ताठ केली आणि ती बावन्न पायऱ्या चढवून नेली.

कोनशिला तीन वर्षं तिथंच आहे. येणारेजाणारे तिच्यावर ओझं टेकवतात, दम खातात. बगळा मात्र टेकवत नाही. टेकवलं की मांडी भरत नाही, असं डॉक्टर म्हणतात.