त्रेसष्टाव्या ओळीतली टिंबे

मित्रांनो, मी एक जुना हजेरीपट आहे, आणि माझ्या अंगावर पंचवीस वर्षे एक खोटे लिहिलेले होते. ते मी लिहिले नव्हते. पण कागदाला तोंड नसते म्हणून तो निर्दोष ठरतो का, हे मला आजही नीट ठरवता आलेले नाही. माझी गोष्ट सांगण्यासारखी आहे की नाही, याचीही मला शंकाच आहे. किल्ल्याच्या दरवाजाने बोलावे, तोफेने बोलावे. हजेरीपटाचे कोण ऐकणार? तरीही मी बोलणार आहे. एकदा गप्प बसलो, तेवढे पुरे झाले.

माझा जन्म १९७६ च्या जूनमध्ये महाडच्या बाजारपेठेत, अजमलचाचांच्या बांधणीच्या दुकानात झाला. चाचांनी गव्हाच्या पिठाची खळ शिजवली आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घातले. जाड दोऱ्याने माझी पाने शिवली. पाठीला लाल कापड लावले आणि मला टेबलावर उघडून पाहिले. "वही अशी पाहिजे, की उघडली की सपाट पडली पाहिजे. दाबून धरायला लागली तर ती वही कसली?" ते म्हणाले. मी आजही सपाट पडतो. अभिमान बाळगावा असे माझ्याजवळ तेवढेच आहे.

तिथून मी गावातल्या एका महाविद्यालयात आलो. कला शाखेच्या शेवटच्या वर्षाचा वर्ग, सहासष्ट नावे, शेवटच्या सहा ओळी मुलींच्या. इतिहास शिकवायला प्राध्यापक दत्ताराम सकपाळ होते. विद्वान माणूस, पण फार बुजरा. वर्गात आले की खुर्चीत बसायचे, मला उघडायचे आणि मान खाली घालून क्रमांक पुकारायचे. "येस सर" ऐकू आले की तिरकी रेघ. नाही आले की टिंब.

सकाळी साडेसातचा तास. पोलादपूरहून येणारी एसटी पावसाळ्यात हमखास उशिरा यायची. त्या गाडीची पोरे मागच्या दाराने आत येऊन बसायची. सर त्यांना अडवत नसत, पण तोवर टिंबे पडलेली असत. मग तास संपला की पोरांचा घोळका टेबलाभोवती जमायचा. त्यांचा पुढारी शहबाज मुकादम.

"सर, टिंब काढा ना. एसटी बंद पडली. आम्ही काय ढकलत आणायची होती?"

सर हसू दाबत पेन उघडायचे आणि त्या टिंबातूनच तिरकी रेघ ओढायचे. झाली हजेरी. पण टिंब जात नसे. ते रेघेच्या पोटात फुगून राहायचे. माझ्या पानांवर अशा पोटुशा रेघा कितीतरी आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्याच गाडीने एक मुलगीही यायची. क्रमांक त्रेसष्ट, काशी रामजी हाटे. तिचे वडील कशेडी घाटात रस्त्याच्या टोळीवर खडी फोडायचे. पोलादपूरच्या स्टँडवर पोचायलाच तिला वाडीपासून तासभर चालावे लागे. तास संपला की ती वही छातीशी धरून दाराजवळ उभी राहायची आणि टेबलाभोवतीचा पोरांचा घोळका पाहायची. घोळका हटेपर्यंत दुसऱ्या तासाची घंटा व्हायची. ऑगस्टमध्ये एकदा ती दोन पावले पुढे आली. सरांनी मान वर केली नाही. पेनाला टोपण लावले आणि मला मिटले.

मी मिटलो, मित्रांनो. एवढा सपाट पडणारा मी, त्या दिवशी किती सहज मिटलो!

जानेवारीत कार्यालयाने हजेरीची बेरीज केली. पाऊण हजेरीला क्रमांक त्रेसष्टचे सहा तास कमी भरले. परीक्षेचा अर्ज अडला आणि नाव कमी करण्याची चिठ्ठी सरांकडे आली. सर पट्टी आणि लाल पेन घेऊन बराच वेळ बसले. "ही मुलगी दिसते की वर्गात," असे ते स्वतःशी पुटपुटले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी टिंबे दाखवली. बुजऱ्या माणसांचे असेच होते. त्यांना स्वतःच्या डोळ्यांपेक्षा लिहिलेले खरे वाटते. त्यांनी पट्टी ठेवली आणि त्रेसष्टाव्या ओळीवर लाल रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी सर पुकारत होते, "बासष्ट... चौसष्ट..." काशी वर्गातच होती. तास संपेपर्यंत ती बसली, मग उठून गेली. पुन्हा आली नाही.

वर्ष संपले आणि मी ग्रंथालयाच्या सगळ्यात खालच्या फळीवर गेलो. एका जुलैत सावित्रीचे पाणी आत शिरले आणि आम्ही सगळे भिजून फुगलो. धोंडू शिपायाने आम्हाला गच्चीवर उन्हात मांडले. माझ्या काही भावंडांना बुरशी लागली आणि ती रद्दीत गेली. मी चाचांच्या मोरचुदामुळे वाचलो. कधी कधी वाटायचे, माझ्याऐवजी एखादा खरा हजेरीपट वाचायला हवा होता.

फळीवर पडून कानावर मात्र बरेच यायचे. काशीने पुढच्या वर्षी बहिःस्थ म्हणून अर्ज भरला, बी.ए. झाली आणि पोलादपूरच्या बाजूला शाळेत शिकवू लागली. तिचे विद्यार्थी या महाविद्यालयात यायचे. "आम्हाला हाटेबाईंनी शिकवलंय," असे ते ऐटीत सांगायचे, तेव्हा माझी त्रेसष्टावी ओळ खाजायची.

पुढे माजी विद्यार्थी संघ निघाला. दर फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी वार्षिक सभा भरू लागली. संघाची एक प्रथा होती. पंचवीस वर्षांपूर्वीचा हजेरीपट बाहेर काढायचा, त्याला हार घालायचा आणि त्या वेळच्या सरांनी हजेरी घ्यायची. टक्कल पडलेले, पोटे सुटलेले गृहस्थ पोरांसारखे "येस सर" ओरडायचे. कुणी वारलेला असेल तर त्याच्या नावावर एक फूल. मग त्या तुकडीतल्या एकाला 'पदवीधर गौरव' द्यायचा. लाल रेघेखालची नावे मात्र पुकारायची नाहीत, असा नियम होता.

२००२ साली माझी पाळी आली. सभेच्या आठवडाभर आधी संघाचे लोक ग्रंथालयात बसले. अध्यक्ष होता शहबाज मुकादम. आता औद्योगिक वसाहतीत त्याचे बारा ट्रक चालत होते आणि त्याने महाविद्यालयाला चाळीस बाक दिले होते. कार्यवाह होते वकील बुद्धरत्न, काशीच्याच वाडीतले, तिच्यापेक्षा लहान. कुणीतरी माझ्यावर चहाचा कप ठेवला.

"सायेब, वही हाय ती, पोळपाट नाय!" धोंडूने कप उचलला.

टेबलावर एक पत्र होते. हाटेबाईंच्या एकेचाळीस विद्यार्थ्यांनी सही करून लिहिले होते, की यंदाचा गौरव आमच्या बाईंना द्या. बुद्धरत्नांनी माझे पान उघडले.

"हे बघा, लाल रेघ. त्या इथल्या पदवीधर नाहीत. नावसुद्धा पुकारता येणार नाही."

"अरे वकील, तुझ्याच वाडीतली ना ती?" शहबाज म्हणाला.

"म्हणून तर. उद्या लोक म्हणतील, वकिलाने घरचं माणूस घुसवलं. नियम तो नियम."

शहबाजने खांदे उडवले. "मग राहू दे." गौरव त्यालाच द्यायचे ठरले. त्याच्या ओळीतल्या पोटुशा रेघा त्याच्या बोटापासून चार इंचांवर होत्या. त्याने पाहिल्या नाहीत. मी काय करणार? मी पुन्हा मिटलो.

सभेच्या दिवशी मुंबईची माणसे वीर स्टेशनवर उतरून रिक्षांनी आली. सभागृह भरले. माझ्या अंगावर झेंडूचा हार होता आणि समोर सकपाळ सर, सत्तरी गाठलेले, जाड चष्म्यातले. मान अजूनही खालीच. ते नावे घेऊ लागले. हशा, टाळ्या, दोन फुले.

"बासष्ट, माहरुख."

"येस सर!"

"चौसष्ट, मैना."

"सर, त्रेसष्ट राहिला."

आवाज शेवटच्या रांगेतून आला. पांढरी साडी, खांद्याला पिशवी. तिला आमंत्रण नव्हते. ती एसटीने आली होती.

"बाई, बसून घ्या," बुद्धरत्न घाईने म्हणाले. "सभा संपली की बोलू."

"तास संपल्यावर बोलायचं म्हणून पंचवीस वर्षं गेली, बुद्धा. आता तास चालू हाय तवरच बोलते."

"ताई, वहीत लाल रेघ आहे."

"हाय ना. मग वहीलाच इचारू."

ती मधल्या वाटेने चालत व्यासपीठावर आली. मला तिने हात लावला नाही. "सर, माझी ओळ नका बघू. शहबाजची बघा. पावसाळ्यातली. रेघांच्या पोटात टिंबं हायत का?"

सरांचे बोट माझ्यावरून सरकले. कागदाला भीती वाटते की नाही, मला ठाऊक नाही. पण तेव्हा मी जितका सपाट होऊ शकत होतो, तितका सपाट झालो.

"आहेत," सर म्हणाले.

"कुठल्या दिवशी?"

सर तारखा वाचू लागले. जुलै सहा. जुलै नऊ. जुलै तेरा. वाचता वाचता त्यांचे बोट आपोआप खाली त्रेसष्टाव्या ओळीवर जाऊ लागले. त्याच तारखा. तिथे रेघ नाही, नुसते टिंब. एकोणीस तारखा झाल्या. कमी पडले होते सहा तास.

काशी वळली. "शहबाज, एसटीत कंडक्टरच्या मागं कोण उभी असायची रे?"

शहबाज सावकाश उठला. "तू. काळी छत्री घेऊन. दर खड्ड्याला तिचं टोक माझ्या पायात घुसायचं."

लोक हसले. ती हसली नाही. "म्हणजे मी हजर होते का नाय?"

"होतीस. एकाच गाडीतून उतरलो, एकाच दाराने आत आलो. मी माझं टिंब काढून घेतलं. तुझं काढा असं सांगायचं मला सुचलंच नाही." तो खाली बसला.

सरांनी खिशातले पेन काढले. पहिल्या टिंबावर त्यांनी पेनाचे टोक टेकवलेसुद्धा.

"नको सर."

"चूक माझी आहे, काशी. मी कधी मान वर करून पाहिलंच नाही."

"मीपण टेबलापाशी आले नाय. आज आले. पण आता खाडाखोड नको. टिंबं तशीच राहू देत, लाल रेघही राहू दे. पुढच्या पोरांनी बघितली पाहिजेत. तुम्ही नुसतं नाव घ्या."

सरांनी पेन ठेवले. मग त्यांनी मला मिटले. पण या वेळी मिटताना मला वाईट वाटले नाही, कारण ते उभे राहिले होते आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते.

"त्रेसष्ट. काशी रामजी हाटे."

"हजर हाय, सर!"

तिच्यासमोर माईक नव्हता. तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेले. टाळ्या बऱ्याच उशिराने सुरू झाल्या, पण थांबायला तयार नव्हत्या.

नंतर शहबाजचे नाव पुकारले गेले. त्याने शाल आणि मानचिन्ह घेतले आणि तसाच तिच्यापाशी गेला. "हे तुझं, काशी."

"तुझं तू ठेव. बाक दिलेस, त्याचं हाय ते. मी मागायला आले ते मला मिळालं."

बुद्धरत्न कागद घेऊन पुढे आले. "ताई, इतिवृत्तात लिहून घेतो. यापुढे लाल रेघेतली नावेही पुकारायची."

"लिही. पण लिहून थांबू नको, बुद्धा. पुढच्या वर्षी पुकार." असे म्हणून तिने पिशवी खांद्याला लावली. पोलादपूरची गाडी पाच वाजता होती.

पुढच्या वर्षी लाल रेघेतली अकरा नावे पुकारली गेली. तीन माणसे आली. एक वीरला रिक्षा चालवणारे गृहस्थ होते. "हजर" म्हणताना त्यांचा आवाज फुटला, म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा म्हटले, मोठ्याने.

धोंडूने मला आता ग्रंथालयाच्या खिडकीजवळच्या टेबलावर ठेवले आहे. तुमच्यासारखी मुले येतात आणि पाने उलटतात. मित्रांनो, मला जपा. ओल्या हातांनी धरू नका, माझ्यावर कप ठेवू नका. पण माझ्यावर लिहिले आहे एवढ्यासाठी ते खरे मानू नका. तुमच्या नावापुढे चुकीचे टिंब पडले, तर तास संपायच्या आत उठा, घोळक्यातून वाट काढा आणि टेबलापर्यंत जा. आणि उद्या पेन तुमच्या हातात आले, तर टिंब देण्याआधी मान वर करून वर्गाकडे एकदा बघा.

मी फार धीट आहे असे नाही. अजूनही वाटते, हे सगळे मी नीट सांगितले का? पण एक गोष्ट मी ठरवली आहे. कुणी कुठलेही पान काढो, हात सुटला की मी त्रेसष्टाव्या ओळीवर येऊन सपाट पडतो, आणि आता मी आपणहून मिटणार नाही.