खापरावरची जागा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या घरी मांडे होतात आणि ते मीच करते. धुळ्याहून सिल्वासात टोकरखाड्याला राहायला आलो, तेव्हा टीव्ही टेम्पोत टाकला, पण मांड्यांचं मातीचं खापर मी मांडीवर आणलं. सून जया आजवर पुरण वाटण्यापुरतीच.

यंदा होळीला तापल्या खापराची कड मनगटाला लागली. जखम भरत यायची, मी चुलीशी जायची, ती पुन्हा उघडायची. डॉक्टर म्हणाला, आचेपासून लांब राहा. त्याचं काय जातं, त्याला आयता डबा मिळतो. आखाजी तोंडावर आली तरी हात तसाच. मांडा तर मनगटांवर खेळवून पसरावा लागतो.

नात धनश्री कॉलेजात शास्त्र शिकते. पट्टी बदलताना म्हणाली, "आजी, जखम झाली की कातडीतल्या काही पेशी म्हाताऱ्या होतात."

"म्हणजे म्हाताऱ्यांनीच घाण केली."

"ऐक तर. त्या स्वतः वाढत नाहीत, पण बाकीच्यांना हाका मारून कामाला लावतात. म्हणून जखम भरते. काम झालं की त्या जातात. वय झाल्यावर कधी कधी जात नाहीत, ठाण मांडून बसतात. मग जखम रेंगाळते."

"हे तुझ्या आईने पढवलं का?"

आतून जया म्हणाली, "मी कशाला पढवू, आत्याबाई? तुमच्यापुढे माझं तोंड तरी उघडतं का?"

"उघडतं ना, जेवायला."

दोघी हसल्या. मला मात्र ते ठाण मांडून बसणं लागलं.

आखाजीला मागच्या दारी चूल पेटली. मी पाट घेऊन शेजारी बसले. "जया, गोळा घे. हाताला पाणी लाव. भितेस काय, पीठ आहे, साप नाही."

पहिला मांडा फाटला. "हा तुझ्या नवऱ्याला वाढ. त्याला फाटकं-सांधलं कळत नाही." दुसरा जाड झाला. तिसरा तिच्या मनगटांवर असा पसरला की त्यातून पलीकडचा उजेड दिसला. खापरावर पडला, एक सुरकुती नाही.

मी उठले.

"कुठे निघालात, आत्याबाई?"

"माझं काम झालं. दारापुढच्या ओट्यावर बसते. हाच मांडा मला पाठव, आणि आमरसाला हात आखडू नकोस."

पुढे जखम भरली. आचेपासून लांब राहिले म्हणून असेल. धनश्री म्हणते, म्हाताऱ्या गेल्या असतील. गेल्या असतील. मी मात्र ओट्यावरच आहे. तिथवर खापराचा वास येतो, आणि मांडा जळला तर ओरडता येतं.