जिभेवरचा थेंब

नागपुरात समुद्र नाही, तरी माझी पीएचडी मात्र समुद्रातल्या स्क्विडवर, म्हणजे कोकणात ज्याला माकूल म्हणतात त्याच्या हृदयावर. हे खूळ आमच्या धम्मानंद सरांचं. हृदयाच्या पेशीत सोडियम-कॅल्शियमचे आयन ये-जा करतात तेव्हा बारीकशी वीज वाहते. ती मोजायची, तर पेशी जिवंत हवी. आणि जिवंत स्क्विड विमानाने मागवणं माझ्या फेलोशिपमध्ये एकदाच बसत होतं.

सरांची हयात कोंबडीच्या अंड्यातल्या पिल्लांच्या हृदयांवर गेलेली. पेशी ठेवायच्या मिठाच्या पाण्याची बाटली ते चिठ्ठी वाचून कधी उचलत नसत. थेंब जिभेवर ठेवायचे नि सांगायचे, हे कोंबडीचं, हे समुद्राचं. आम्ही थट्टा करायचो, पण सर कधी चुकले नव्हते.

दुपारी आम्ही त्यांच्या घरचा डबा वाटून खायचो. अलीकडे ते रोज विचारायचे, “मीठ बरोबर आहे ना वं?” मी न चाखताच हो म्हणायची.

स्क्विड आला तो जिवंत. विमानतळापासून मी ती पिशवी जीव मुठीत धरून आणली. हृदय काढलं तेव्हा ते धडधडत होतं. सरांनी बाटली उचलली, थेंब जिभेवर ठेवला, मान डोलावली आणि पाणी पेशींवर ओतलं. मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. पेशी फुगत गेल्या आणि एकेक करून फुटल्या. पाणी कोंबडीचं होतं. समुद्राच्या जिवाला ते फारच अळणी.

विभागात मी सांगितलं, जनावर अर्धमेलंच आलं होतं. सर दारात उभे होते.

“जिवंत होता तो. मीच मारला त्याले,” ते सगळ्यांसमोर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “मले कोरोना झाला तवापासून चवच येत नाही, भावना. सांगाची लाज वाटली.”

दुसरा स्क्विड आला नाही. फेलोशिप संपली, आता मी शहराबाहेर वाडीला शिकवण्या घेते. सरांनी प्रयोगशाळेत पाऊल टाकणं सोडलं, याचं मला पीएचडी राहिल्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

परवा त्यांच्याकडे जेवायला गेले. सर खाली मान घालून जेवत होते. मिठाचं काही विचारलं नाही.

“सर, वरणात मीठ थोडं कमी आहे,” मीच म्हटलं.

त्यांनी चिमूटभर मीठ घेऊन दोन्ही वाट्यांत कालवलं.

“आता?”

मी हो म्हटलं. या खेपेला चाखून.